६३ मिलिग्रॅम, १७ मायक्रोग्रॅम आणि एक कडी

घोणस चावते तेव्हा सरासरी ६३ मिलिग्रॅम विष अंगात सोडते. चहाच्या चमचाभर मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे त्या चमच्याचा जेमतेम शंभरावा भाग. एवढ्याने माणसाचे रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येऊ लागते, मूत्रपिंडे थकतात. यावर जे औषध आहे, दवाखान्यात ज्याला सगळे एएसव्ही म्हणतात, त्याची एक कुपी साधारण ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. सहा दाहे साठ. म्हणून पहिल्या तासाभरात आठ ते दहा कुप्या द्यायच्या असतात. कुपीत भुकटी असेल तर आधी प्रत्येकीत १० मिलिलिटर पाणी घालून ती तळहातांमध्ये हलकेच फिरवायची. घाईने खळखळ हलवली तर फेस येतो. दहा कुप्या, दहा वेळा. ते चालू असताना शेजारी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन भरून ठेवायचे, कारण विषाआधी औषधाचीच रिअ‍ॅक्शन येऊन माणूस दगावू शकतो.

त्याआधी एक साधी तपासणी. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे आणि २० मिनिटे हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळले तर विष भिनले आहे.

हे सगळे जुलै महिन्यातल्या एखाद्या रात्री दोन वाजता, प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक मुलगी करते आहे. तिला मी नाव देत नाही, कारण ती एकच नाही. अठराव्या वर्षी बारावी, साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे ती चोवीस वर्षांची आहे. तिच्यासोबत एक सिस्टर आहे आणि एक शिपाई. दाराबाहेर जीप भरून आलेली माणसे आहेत. कुणी पुढाऱ्याला फोन लावतो आहे, कुणी म्हणतो आहे की मोठे डॉक्टर कुठे आहेत, ह्या पोरीला काय कळतंय. आणि तिला ती नळी २० मिनिटे नुसती बघत उभे राहायचे आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे तासाला सहा ते सात. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, पेरणी-निंदणीच्या दिवसांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. तिच्या खोलीतल्या त्या २० मिनिटांत देशात आणखी दोन माणसे गेलेली असतात.

८,७६० हा आकडा आपण जरा धरून ठेवू. तो पुन्हा लागणार आहे.

सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजारांमागे एक, असा आपला मापदंड आहे. तीस हजार माणसे म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायचे तर सामन्याच्या दिवशी जवळजवळ भरलेले वानखेडे स्टेडियम आणावे. त्या सगळ्यांचा ताप, खोकला, गरोदरपण, लसीकरण, क्षयरोग, मधुमेह, कुत्र्याचा चावा, विहिरीच्या पाण्याचे नमुने, आश्रमशाळेतल्या मुलांची तपासणी आणि बेवारस प्रेत हे सारे त्या एका केंद्राचे. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात अशी केंद्रे अठराशेंहून जास्त आहेत. प्रत्येकात वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन पदे मंजूर असतात. दुसरे पद रिकामे असले, किंवा दुसरे डॉक्टर प्रशिक्षणाला, मीटिंगला, रजेवर गेले, की स्टेडियम एकटीचे.

राज्याच्या सरासरी जन्मदराने, म्हणजे हजारी पंधराने, या तीस हजारांत वर्षाला ४५० बाळे जन्मतात. सगळी काही केंद्रात जन्मत नाहीत, पण प्रत्येक गरोदर बाईची नोंद, तपासणी आणि तिचे पुढे काय झाले याचा जाब मात्र केंद्राला असतो. १५ ते ४९ वयाच्या बायका साडेसात-आठ हजार निघतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात या वयातल्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या एका केंद्राच्या हद्दीत अशा चार हजारांवर बायका. आता प्रसूतीकडे वळू, कारण रक्त कमी असणे म्हणजे काय हे तिथे मिनिटांत मोजले जाते.

नऊ महिने भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. अंगात सगळे मिळून पाच-सहा लिटर. बाळ बाहेर आले, वार सुटली, की गर्भाशयाने मूठ वळावी तसे आवळून घ्यायचे असते. त्याने ते केले नाही तर हिशोब भीषण आहे. उपचार मिळाला नाही तर रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोन तास लागतात, असे प्रसूतिशास्त्र सांगते. ज्या बाईत मुळातच रक्त कमी, तिच्या वाट्याला त्यापेक्षाही कमी वेळ.

यावरचे पहिले औषध ऑक्सिटोसिन. मात्रा १० युनिट. वजनात मांडले तर सुमारे १७ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण साठ मायक्रोग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे मिठाच्या एका कणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी औषध एका आईचा जीव राखते. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी तो दोनदा तपासला, दशांश चिन्ह चुकले की काय म्हणून. चुकले नव्हते. पण त्या १७ मायक्रोग्रॅमची एक अट आहे: ते २ ते ८ अंश तापमानात ठेवलेले असले पाहिजे. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. वीज रात्रभर गेलेली असते. फ्रिज चालू राहिला का, इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलली, हे बघायला लेबर रूममध्ये दुसरे कुणी नसते. एमबीबीएसच्या कुठल्याही पेपरात विचारले न गेलेले हे प्रश्न तिला रोज सोडवावे लागतात.

रक्तदाब वाढून झटके आलेली गरोदर बाई आली तर मॅग्नेशियम सल्फेट. पुढे पाठवण्याआधीची पहिली मात्रा १० ग्रॅम. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. पुन्हा दहा अँप्यूल फोडायच्या, पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात. बाई आचके देत असते, सासू दारात रडत असते, आणि काचेची मान मोडताना बोट कापले तरी थांबायला वेळ नसतो.

मग '१०८'. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. राज्याचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. भागाकार केला की एका गाडीला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर येतात. सरासरीत सगळे खपून जाते. गडचिरोलीत खपत नाही. तो एक जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात जवळजवळ चार गोवे बसतात. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे १८० किलोमीटर. जंगलातल्या रस्त्याने ताशी पन्नासचा वेग धरला, जो पावसाळ्यात धरता येत नाही, तरी साडेतीन तास. रक्तस्रावाचे दोन तास आणि रस्त्याचे साडेतीन तास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. 'रेफर केले' हे दोन शब्द शहरात सहज बोलले जातात. तिथे ते लिहिताना हात थांबतो. रेफर केले आणि वाटेत काही झाले तर 'पाठवली का', ठेवून घेतली आणि काही झाले तर 'पाठवली का नाही'. दोन्ही प्रश्न तिलाच.

आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे, तिथे कोण आहे? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातली अशी ५,४८० ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रे मोजली गेली. प्रत्येकात चार तज्ज्ञ हवेत: शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ. एकूण २१,९२०. हजर होते ४,४८५. शंभर खुर्च्यांतल्या ८० रिकाम्या. त्या ८० रिकाम्या खुर्च्यांचे काम अंतर्धान पावत नाही. ते रस्त्याने उलटे खाली येते आणि चोवीस वर्षांच्या मुलीच्या टेबलावर बसते.

इथपर्यंतचे सगळे पुरुष डॉक्टरलाही लागू आहे. पण बाई डॉक्टर असण्याचा एक वेगळा गुणाकार असतो, आणि तो कुठल्याच सरकारी तक्त्यात मांडलेला मला दिसलेला नाही.

ओपीडीच्या रांगेत एक बाई उभी असते. केसपेपरवर लिहिलेले असते 'अंगदुखी'. खुर्चीत पुरुष डॉक्टर असेल तर ती अंगदुखीची गोळी घेऊन जाते. बाई डॉक्टर असेल तर ती आधी मागे वळून सासू कुठे आहे बघते, पुढे वाकते आणि हळू आवाजात सांगते की अंगावरून पांढरे जाते, दोन वर्षे झाली. या एका वाक्याला वेळ लागतो. ६७ देशांतल्या डॉक्टर-रुग्ण भेटींच्या वेळेचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एक भेट सरासरी साडेबावीस मिनिटांची होती. भारतात जेमतेम दोन मिनिटांची. दोन मिनिटांत अंगदुखी बसते. दोन वर्षे दाबून ठेवलेली गोष्ट बसत नाही.

ती गोष्ट किती मोठी असते, हे जगाला कळले तेही एका बाई डॉक्टरमुळेच, आणि आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग पस्तिशीत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. ६५० मधल्या जवळजवळ सहाशे. एकेकीला सरासरी ३.६ आजार. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. बाकीच्या 'काही त्रास नाही' म्हणणाऱ्या. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी त्या आठ टक्क्यांवर अडखळतो. ९२ टक्के आजार ही रोगाची संख्या झाली. आठ टक्के तपासणी ही आपली संख्या आहे. त्या बायका लेकरे जन्माला घालत होत्या, धान कापत होत्या, मोहाची फुले वेचत होत्या, आणि विचारणारे कुणी नव्हते. बाई डॉक्टर गावात राहायला आली, तेव्हा ते जगाला दिसले.

अशा किती बाई डॉक्टर खेड्यांत आहेत? २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या अभ्यासांनुसार देशातल्या अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांत स्त्रिया १७ टक्के होत्या, आणि ग्रामीण भागात ६ टक्के. दहा हजार लोकसंख्येमागे शहरात साडेसहा बाई डॉक्टर, खेड्यात अर्धी. तेरा पट फरक. त्यानंतर चित्र बदलते आहे, निदान प्रवेशाच्या दारात. २०२४ च्या नीट परीक्षेला नोंदणी केलेल्या २४ लाख मुलामुलींत १३ लाख ७६ हजारांच्या आसपास मुली होत्या. निम्म्याहून जास्त. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली तेव्हा त्यांचा एकविसावा वाढदिवस २० दिवसांवर होता. ती पदवी त्यांच्याकडे ३५२ दिवस राहिली, कारण २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. एका मुलीपासून पावणेचौदा लाख मुलींपर्यंत आपण आलो आहोत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांतली जी मुलगी शेवटी आडगावच्या केंद्रात पोचते, तिच्यासाठी आपण काय मांडून ठेवले आहे?

कायद्याने तिच्यावर एक काम खास टाकले आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या २७ व्या कलमानुसार पीडित मुलगी असेल तर तिची वैद्यकीय तपासणी बाई डॉक्टरनेच करायची. हे कलम योग्य आहे, माणुसकीचे आहे. पण परिसरात बाई डॉक्टर एकच असली की अशी प्रत्येक मुलगी, कुठल्याही वेळी, तिच्याचकडे आणली जाते. जबाब, नमुने, सीलबंद पाकिटे, सह्या. बाहेर आरोपीचे नातेवाईक, कधी त्याच गावचे वजनदार लोक. पुढे बदली झाली, पदव्युत्तर शिक्षणाला दुसऱ्या शहरात गेली, तरी समन्स मागोमाग जाते आणि साक्षीला यावे लागते.

त्याच कायद्याचे दुसरे टोक अधिक टोचणारे आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले, असे त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तीस हजार वस्तीत या वयाच्या तेराशेक मुली धरल्या, तर अशा शंभरेक. काही अठरा-एकोणीसच्या असतील, पण ज्या सतरा किंवा सोळाच्या आहेत त्यांची खबर पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिली की मुलीचा नवरा, सासरा, बाप असे तिघेही संध्याकाळी क्वार्टरच्या दारात उभे. 'मॅडम, वय अठरा लिवा की.' नाही लिहिले तर मुली केंद्रात यायच्या थांबतात आणि घरी बाळंत होतात. लिहिले तर तो गुन्हा. राज्याने, पोलिसांनी, शाळेने, ग्रामपंचायतीने आणि सोयऱ्यांनी मिळून जे थांबवले नाही, त्याची नोंद करायला आपण आवाराच्या एका टोकाला राहणाऱ्या एकट्या मुलीला ठेवले आहे.

आता त्या क्वार्टरबद्दल. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. दीर्घ ड्यूटीत ती सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. त्याच महिन्यात इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभरातल्या ३,८८५ डॉक्टरांना विचारले. त्यांत ६३ टक्के स्त्रिया होत्या आणि बहुतेक पस्तिशीच्या आतले. रात्रपाळीत असुरक्षित किंवा फारच असुरक्षित वाटते असे सांगणारे ३५.५ टक्के. रात्री ड्यूटी रूमच नाही म्हणणारे ४५ टक्के. ज्या खोल्या आहेत, त्यांतल्या एक तृतीयांश खोल्यांना जोडून बाथरूम नाही.

जिथे शेकडो माणसांची वर्दळ, पहारेकरी, कॅमेरे असतात, अशा रुग्णालयांतलेही डॉक्टर या उत्तरांत होते. खेड्यातल्या केंद्रात वर्दळ पाचला संपते. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो. रात्री दीड वाजता 'पेशंट आहे' म्हणून दार वाजते तेव्हा बाहेर पेशंटच आहे की दारू प्यायलेला माणूस, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही, आणि पेशंट असेल तर दार न उघडणे हाही गुन्हाच. तिथे कामाला येते ती आतली कडी. बाहेरचा दिवा. कंपाउंडचे फाटक. शौचालयापर्यंत चालावे न लागणे. पाळीच्या दिवसांत सतत चौदा तास उभे राहताना पाणी असलेली एक बंद खोली. यांतल्या कडीची किंवा दिव्याची किंमत एएसव्हीच्या दहा कुप्यांहून मोठी नाही.

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे, असे बंधपत्र होते. पदव्युत्तरला तीच रक्कम ५० लाख होती. जनतेच्या पैशाने शिकलेल्याने जनतेचे देणे फेडावे, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या कागदावर रक्कम एकाच बाजूला लिहिलेली असे. कडी नसेल तर कोणी किती भरायचे, हे त्यात नव्हते.

आता ते ८,७६० तास. केंद्र चोवीस तास, बारा महिने उघडे. आठवड्याला ४८ तास काम माणसाने करावे असे धरले तर एक डॉक्टर वर्षाला सुट्ट्या न घेता २,४९६ तास देतो. दोघे मिळून ४,९९२. उरले ३,७६८ तास. हे तास कुठल्याही मस्टरवर नसतात, पण कोणीतरी ते जागते. आणि एकटी असली तर आठवड्याचे तास १६८, म्हणजे आठवड्यात असतात तेवढे सगळे. एक जागा चोवीस तास न्याय्य रीतीने भरायची तर १६८ भागिले ४८, साडेतीन डॉक्टर लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले की चार.

हे कोणाला आधी सुचले नव्हते असे नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, अहवाल दिला. तातडीची सोय म्हणून ४० हजारांमागे दोन डॉक्टर, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दहा ते वीस हजारांमागे ७५ खाटांचे रुग्णालय आणि सहा डॉक्टर, असे त्यात लिहिले होते. ती मुदत १९८६ च्या सुमारास संपली. त्याच सुमारास राणी बंग गडचिरोलीत बायकांना तपासू लागल्या होत्या.

अठराशे केंद्रे गुणिले चार, म्हणजे ७,२०० डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी किमान दोघी, म्हणजे कुणा एकीला रात्री एकटीने दार उघडावे लागणार नाही: ३,६००. महाराष्ट्रात एमबीबीएसला दर वर्षी दहा हजारांहून जास्त जागा भरतात.

नळीतली २० मिनिटे झाली आहेत. ती नळी उचलते, दिव्याकडे धरते आणि तिरकी करते.